अवताराच्या वेषातील द्वेष : सावित्रीदेवी या लेखिकेच्या कारकिर्दीचा अभ्यास

(द्वितीय वर्ष बी. ए., इतिहास)

विषयप्रवेश

जगातील सर्व दुःखांच्या मुळाशी एकच जमात आहे, ती पडद्याआडून राजे, बँका, वर्तमानपत्रे आणि लढाया चालविते, असे सांगणारे लेखक निरनिराळ्या देशांत होऊन गेले. युरोपात ही जमात म्हणजे बहुधा ज्यू असत. या विचाराची परिणती हिटलरच्या जर्मनीत सुमारे ६० लाख ज्यूंच्या हत्येत झाली, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो आणि पान उलटतो. तो दूरच्या खंडातील रोग होता, त्याच्याशी आपला संबंध नाही, अशी आपली समजूत असते.

परंतु या विचाराच्या अत्यंत हट्टी प्रचारकांपैकी एक बाई आपल्याच देशात कित्येक वर्षे राहिली. तिने साडी नेसली, बंगाली गृहस्थाशी लग्न केले, 'सावित्रीदेवी' हे नाव घेतले आणि हिटलर हा विष्णूच्या अवतारपरंपरेतील पुरुष होता असे पुस्तक लिहून कलकत्त्यात छापले. प्रस्तुत लेखात तिच्या कारकिर्दीचा थोडक्यात आढावा घ्यावयाचा आहे.

हा विषय पनवेलच्या विद्यार्थिनीने का निवडावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्या गावातच आहे. पनवेलमध्ये १८४९ साली स्थापन झालेले 'बेथ-एल' नावाचे ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. 'बेथ-एल' म्हणजे देवाचे घर. आमच्या आजीसारखी जुनी माणसे त्याला 'इस्राएलांची मशीद' असे म्हणतात. सावित्रीदेवीने ज्यांच्याविषयी आयुष्यभर लिहिले ते ज्यू आणि पनवेल, पेण, अलिबागकडचे हे इस्राएल लोक एकाच धर्माचे. तेव्हा तिची पुस्तके एका बाजूला आणि आपले गाव दुसऱ्या बाजूला ठेवून पाहिले तर काय दिसते, हा या लेखाचा प्रश्न आहे.

पूर्वायुष्य

सावित्रीदेवीचे मूळ नाव मॅक्सिमियानी पोर्टास. तिचा जन्म ३० सप्टेंबर १९०५ रोजी फ्रान्समधील लिआँ शहरात झाला. वडील ग्रीक-इटालियन वंशाचे व आई इंग्रज होती. मुलगी बुद्धीने तल्लख होती. तिने तत्त्वज्ञानाचा व विज्ञानाचा अभ्यास केला, प्रबंध लिहिले आणि डॉक्टरेट मिळविली. ही गोष्ट मुद्दाम नमूद करते. द्वेषाचे लेखन अडाणी माणसे करतात, शिक्षण मिळाले की द्वेष आपोआप जातो, असा आपला भाबडा समज असतो. पण या बाईजवळ शिक्षणाची उणीव नव्हती.

तिला लहानपणापासून प्राचीन ग्रीसची ओढ होती. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतर दोस्त राष्ट्रांनी ग्रीसला वाईट वागविले असे तिचे मत झाले. १९२८ मध्ये तिने फ्रेंच नागरिकत्व सोडून ग्रीक नागरिकत्व घेतले. १९२९ मध्ये ती पॅलेस्टाइनच्या यात्रेला गेली. आपण मनाने नाझी आहोत हे याच प्रवासात आपल्याला उमगले, असे तिने पुढे सांगितले आहे.

तिच्या विचाराची साखळी थोडक्यात अशी होती. ग्रीसचे जुने देव ख्रिस्ती धर्मामुळे गेले. ख्रिस्ती धर्म ज्यूंच्या धर्मातून निघाला. म्हणून जुने सुंदर जग मोडले याचा दोष ज्यूंवर येतो. ही साखळी वरवर तर्कशुद्ध दिसते. पण तिच्यातील शेवटची कडी पाहावी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका घटनेचा दोष आज दुकान चालविणाऱ्या, शाळेत शिकविणाऱ्या, लिआँ किंवा बर्लिनमध्ये राहणाऱ्या माणसावर कसा येतो, याचे उत्तर तिच्याजवळ नाही. येथे जन्म हाच गुन्हा ठरतो. जन्मावरून माणसाचा निवाडा करण्याची पद्धत किती घातक असते, हे महाराष्ट्रात तरी कोणाला वेगळे समजावून सांगावयास नको.

भारतातील वास्तव्य

१९३२ मध्ये ती भारतात आली. युरोपात नष्ट झालेला आर्यांचा प्राचीन धर्म भारतात अजून जिवंत आहे, तो पाहावा, असा तिचा हेतू होता. १९३५ मध्ये ती काही महिने शांतिनिकेतनात राहिली. याच सुमारास तिने सावित्रीदेवी हे नाव घेतले.

येथे 'आर्य' या शब्दाविषयी दोन वाक्ये लिहिणे जरूर आहे. आपल्या संस्कृत ग्रंथांत आर्य म्हणजे सभ्य, सुसंस्कृत, आदरणीय. एकोणिसाव्या शतकात युरोपातील भाषापंडितांना संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मन इत्यादी भाषा एका कुळातील असल्याचे दिसून आले आणि तो शब्द त्या भाषाकुलाला लावला गेला. पुढे काहींनी त्यावरून आर्य 'वंश' बनविला. भाषेवरून वंश ठरविणे चूक आहे, असा इशारा मॅक्सम्युल्लर यांनी १८८८ मध्येच दिला होता. सावित्रीदेवीने भाषेचे नाव घेतले, त्याचे रक्त बनविले आणि ते रक्त शोधीत ती भारतात आली.

१९३७ च्या सुमारास ती कलकत्त्याच्या हिंदु मिशन या संस्थेचे काम करू लागली. स्वामी सत्यानंद हे त्या संस्थेचे प्रमुख होते. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या धर्मांतराला विरोध करण्यासाठी ती गावोगाव व्याख्याने देत असे. १९३९ मध्ये तिचे हिंदूंना इशारा देणारे इंग्रजी पुस्तक कलकत्त्यात प्रसिद्ध झाले. त्याची प्रस्तावना ग. दा. सावरकर, म्हणजे बाबाराव सावरकर, यांनी लिहिली होती. या पुस्तकाचा मुख्य विषय हिंदूंची एकजूट हा आहे, ज्यूंचा द्वेष नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. लेखिकेच्या सर्व विचारांचे ओझे प्रस्तावनाकारावर टाकणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होणार नाही.

तरीपण त्या काळाची हवा समजून घेतली पाहिजे. ब्रिटिशांचा शत्रू तो आपला मित्र, या भावनेने त्या वेळी जर्मनीविषयी अनेकांना कुतूहल होते. १९३९ मध्येच नागपूरहून प्रसिद्ध झालेल्या मा. स. गोळवलकर यांच्या इंग्रजी पुस्तकात जर्मनीने ज्यूंबाबत केलेल्या कृतीचा उल्लेख राष्ट्राच्या वंशाभिमानाचे उदाहरण म्हणून आला आहे. याउलट महात्मा गांधींनी नोव्हेंबर १९३८ मध्ये 'हरिजन'मध्ये लेख लिहून छळ सोसणाऱ्या ज्यूंविषयी सहानुभूती दाखविली होती. पुढे डिसेंबर १९४७ मध्ये वि. दा. सावरकरांनी ज्यूंचे राष्ट्र स्थापन करण्याच्या निर्णयाचे जाहीर स्वागत केले. म्हणजे भारतात त्या विषयावर एकच एक मत नव्हते. सावित्रीदेवी मात्र शेवटपर्यंत तसूभरही हलली नाही.

१९४० मध्ये तिने असितकृष्ण मुखर्जी यांच्याशी विवाह केला. हे गृहस्थ कलकत्त्याहून 'न्यू मर्क्युरी' नावाचे नाझीधार्जिणे नियतकालिक काढीत असत. ग्रीक नागरिक म्हणून युद्धकाळात देशाबाहेर जावे लागू नये, हाही या विवाहामागे एक हेतू होता.

युद्धानंतर

१९४५ मध्ये जर्मनीचा पराभव झाला. छळछावण्यांची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. ज्या कोणाच्या मनात थोडी शंका असेल त्याने या वेळी थांबून विचार करावा, अशी ती वेळ होती. सावित्रीदेवी युरोपात गेली ती मात्र पराभूत नाझींना धीर देण्यासाठी. १९४८ मध्ये तिने जर्मनीत हिटलरचा गौरव करणारी पत्रके वाटली. १९४९ मध्ये तिला अटक झाली. ब्रिटिश लष्करी न्यायालयाने कारावासाची शिक्षा दिली आणि तिला वेर्ल येथील तुरुंगात ठेवण्यात आले. काही महिन्यांतच तिची सुटका झाली.

या तुरुंगवासावरही तिने पुस्तक लिहिले. १९५८ मध्ये तिचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक, ज्याच्या नावाचा अर्थ 'वीज आणि सूर्य' असा होतो, कलकत्त्यात प्रसिद्ध झाले. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये निरनिराळ्या देशांतील नव-नाझींची बैठक झाली, तीत ती हजर होती आणि तेथे स्थापन झालेल्या जागतिक संघटनेच्या संस्थापकांपैकी एक झाली. १९७१ मध्ये ती भारतात परतली व दिल्लीत राहू लागली. १९७६ मध्ये तिच्या आठवणी आणि चिंतन यांचे फ्रेंच पुस्तक निघाले. नंतरच्या काळात तर ज्यूंचे शिरकाण झालेच नाही, असे म्हणणाऱ्यांच्या गटात ती सामील झाली. अमेरिकेत व्याख्याने देण्यासाठी जात असता वाटेत इंग्लंडमध्ये २२ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचे निधन झाले.

एक विसंगती येथे सांगण्यासारखी आहे. ही बाई शाकाहारी होती. मांजरांवर तिचे अपार प्रेम होते. प्राण्यांना माणूस क्रूरपणे वागवितो म्हणून माणसावर आरोपपत्र ठेवणारे तिचे पुस्तक १९५९ मध्ये निघाले. मुक्या जनावरासाठी डोळ्यांत पाणी आणणारी व्यक्ती लाखो मुलांच्या मरणाकडे थंडपणे पाहू शकते, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले. दया नुसती असून भागत नाही. ती कोणावर करावयाची याची यादी आधीच ठरवून टाकली तर ती दया राहत नाही.

बनावट कागदाची कथा

ज्यूंचे जागतिक कारस्थान ही कल्पना सावित्रीदेवीची स्वतःची नव्हे. या कल्पनेचा सर्वांत अधिक प्रसार 'झिऑनच्या वडीलधाऱ्यांचे मसुदे' या अर्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका लिखाणाने केला. ज्यूंचे पुढारी गुप्तपणे जमले व त्यांनी जग ताब्यात घेण्याची योजना आखली, तिची ही टिपणे आहेत, असा त्याचा दावा होता. १९०३ मध्ये रशियातील एका वर्तमानपत्रात ते प्रथम छापून आले.

१९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'चे बातमीदार फिलिप ग्रेव्हज यांनी त्याचे बिंग फोडले. मॉरिस जोली नावाच्या फ्रेंच वकिलाने १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या हुकूमशाहीवर टीका करण्यासाठी एक काल्पनिक संवाद लिहिला होता. त्यात ज्यूंच्या कटाचा मागमूसही नव्हता. त्या पुस्तकातील उतारेच्या उतारे उचलून, सम्राटाच्या जागी ज्यूंना बसवून हे 'मसुदे' तयार केले होते. दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापल्यावर चोरी शाळकरी पोरालाही दिसावी. १९३५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथील न्यायालयानेही ते बनावट ठरविले. अमेरिकेतील मोटारीचे कारखानदार हेन्री फोर्ड यांनी आपल्या वर्तमानपत्रातून या कल्पनांचा प्रचार केला होता. त्यांना १९२७ मध्ये जाहीर माफी मागावी लागली.

इतके होऊनही ते लिखाण थांबले नाही. याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. कट गुप्त आहे असे एकदा ठरविले की पुरावा नसणे हाच पुरावा बनतो. 'टाइम्स'ने खोटे ठरविले? मग 'टाइम्स' त्यांच्या ताब्यात आहे. न्यायालयाने खोटे ठरविले? मग न्यायाधीश विकला गेला. ज्या विधानाला कोणत्याही गोष्टीने धक्का लागू शकत नाही ते विधान फार बळकट आहे असे सामान्य वाचकाला वाटते. वास्तविक ते बळकट नसून पोकळ असते.

अवतारकल्पनेचा दुरुपयोग

सावित्रीदेवीने या जुन्या युरोपीय मालावर आपल्याकडचे वस्त्र चढविले, हीच तिची विशेष कामगिरी म्हणावी लागेल. 'वीज आणि सूर्य' या पुस्तकात तिने महापुरुषांचे तीन प्रकार केले आहेत. काळाच्या प्रवाहातील पुरुष म्हणजे चंगीझखान, काळाच्या पलीकडचा पुरुष म्हणजे इजिप्तचा राजा आखेनातोन आणि काळाच्या विरुद्ध उभा राहणारा पुरुष म्हणजे हिटलर. सध्या कलियुग चालू आहे, ज्यू हे या अधोगतीचे वाहक आहेत, हिटलर त्यांच्या विरुद्ध उभा राहिला, तो अखेरचा कल्की नव्हे पण त्याच्या आधी येणारा आहे, असा तिचा सिद्धान्त आहे.

अवतार, कलियुग, कल्की हे शब्द आपण आजीच्या मांडीवर ऐकलेले असतात. त्यामुळे त्यांच्याभोवती जे काही गुंडाळून दिले जाते ते आपलेच वाटू लागते. म्हणून आपल्याच परंपरेला विचारून पाहू. नृसिंह कोणासाठी आला? एका लहान मुलासाठी. त्याच्या बापाजवळ राज्य होते, सैन्य होते, शस्त्रे होती आणि आपल्याला कोणी मारू शकणार नाही असा वरही होता. प्रल्हादाजवळ काही नव्हते. अवताराची कथा मांडली गेली ती खांबाशी उभ्या असलेल्या त्या मुलाच्या बाजूने. नाझी राजवटीत मारल्या गेलेल्या ज्यूंमध्ये सुमारे १५ लाख मुले होती. राज्य, सैन्य आणि शस्त्रे ज्याच्या हाती होती आणि ज्याने ती या मुलांवर चालविली, त्याला या कथेत कोणती जागा मिळते हे सांगण्यास पंडित लागत नाही. आमच्या गावातील कोणताही कीर्तनकार ते सांगेल.

शब्द आपले आहेत म्हणून विचार आपला होत नाही, हा धडा यातून घ्यावयाचा आहे.

कोकणातील ज्यू

आता पनवेलकडे वळू. सावित्रीदेवीच्या पुस्तकांतला ज्यू कसा असतो? तो श्रीमंत, सर्वत्र पसरलेला, कोणत्याही देशाचा नसलेला आणि सर्व देशांचे सूत्र हातात असलेला असतो. आणि कोकणातील ज्यू कसे होते?

बेने इस्राएल समाजाच्या परंपरागत कथेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून लागले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. सामानसुमान, धर्मग्रंथ सारे समुद्रात गेले. ते रायगडच्या गावांत, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा प्रांतात, राहू लागले आणि तेल काढण्याचा धंदा करू लागले. शनिवारी देवाचा विश्रांतीचा दिवस म्हणून ते घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. गावात जगाचे सूत्रधार म्हणून नव्हे, तर शनिवारी तेल न मिळण्याचे कारण म्हणून त्यांची ख्याती होती.

त्यांची आडनावे पाहावीत : केहीमकर, पेणकर, दिवेकर, चेऊलकर, राजपूरकर, रोहेकर. जो समाज कोणत्याही देशाचा नाही असे म्हणतात त्याने आपल्या नावाला गावे जोडून घेतली. त्यांची बोली मराठी. त्यांच्या सणाचे पुस्तक मराठी अर्थासह एकोणिसाव्या शतकात मुंबईत व पुण्यात छापले गेले. बायबलातील कथांवर ते मराठीत कीर्तने करीत. नवस फेडताना एलिया हानाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, नारळ, गूळ आणि फळे यांचा मलिदा करण्याची त्यांची रीत आहे. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधले. मशीद बंदर या नावातील मशीद ती हीच, असे सांगतात.

याच समाजातून समाजाचा इतिहास लिहिणारे हा. स. केहीमकर आले. स्त्रियांच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड आल्या, त्यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस आले. चित्रपटांतून घराघरात पोहोचलेले डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आले. इंग्रजीत लिहिणारे थोर भारतीय कवी निस्सिम इझिकेल आले. आमच्या आजीला मात्र यांपैकी एकही नाव ठाऊक नाही. तिला आठवते ती तिच्या पहिल्या बाळंतपणात रात्रभर उशाशी बसलेली एक इस्राएल नर्सबाई. ती पुढे इस्राएलला गेली. "जाताना रडली हो," एवढेच आजी सांगते.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर हा समाज हळूहळू तिकडे गेला. एके काळी सुमारे २० हजारांच्या घरात असलेली संख्या आता काही हजारांवर आली आहे. येथून त्यांना कोणी हाकलले नाही. तिकडे गेलेल्यांनी 'मायबोली' या नावाचे मराठी नियतकालिक चालविले. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला.

याच संदर्भात आणखी एका माणसाची आठवण करावीशी वाटते. वॉल्टर कॉफमन हा ज्यू संगीतकार नाझींच्या भीतीने युरोप सोडून १९३४ मध्ये मुंबईस आला. आकाशवाणीची जी सुप्रसिद्ध धून आपल्या आजोबांच्या पिढीने रोज पहाटे ऐकली, तिचा कर्ता म्हणून त्याचे नाव घेतले जाते. अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने युरोपातून दोन सुशिक्षित माणसे भारतात आली. एक द्वेषासाठी देऊळ शोधीत आली, दुसरा त्याच द्वेषापासून जीव वाचवीत आला. दोघांनाही या देशाने आसरा दिला. त्यांनी देशाला काय दिले ते वाचकांनीच ताडून पाहावे.

सावित्रीदेवी भारतात इतकी वर्षे राहिली, पण तिच्या सिद्धान्तात कोकणातील या तेल्यांना, नर्सबाईंना, मास्तरांना जागा नाही. असती तर सिद्धान्त कोसळला असता. कारस्थानाच्या कथेला 'ज्यू' हवा असतो, पण शेजारचा, नाव-गाव असलेला ज्यू तिला परवडत नाही. हेच या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

अशा लेखनाची लक्षणे

या अभ्यासातून अशा लेखनाची जी लक्षणे मला दिसली ती येथे नोंदविते. पहिले, त्यात सर्व दुःखांना एकच कारण असते. महागाई, पराभव, धर्माची ग्लानी, सारे एकाच खुंटीला टांगलेले असते. दुसरे, त्यात 'ते' हे सर्वनाम फार येते आणि विशेषनाम फार थोडे येते. तिसरे, विरुद्ध पुरावा दिला की तोही कटाचा भाग ठरतो. चौथे, ओळखीचे पवित्र शब्द उसने घेतलेले असतात. पाचवे, वाचकाला 'तुला एकट्यालाच हे गुपित कळले' असा मान दिलेला असतो. हे शेवटचे लक्षण सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत घातक. ज्याला जगात कोणी विचारीत नाही त्याला अशी पुस्तके विचारतात.

हे लेखन पुस्तकातच राहते असेही नाही. नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात कुलाब्यातील नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात दहशतवादी शिरले आणि तेथील धर्मगुरू, त्यांची पत्नी व इतर चार जणांची त्यांनी हत्या केली. त्या हल्लेखोरांनी सावित्रीदेवीचे नावही ऐकले नसेल. त्यांचा द्वेष दुसऱ्या शाळेत शिकविला गेला होता. पण समोरचा माणूस कोण आहे हे न पाहता तो ज्यू आहे एवढ्यावरून मारावयाचे, हा धडा दोन्हीकडे एकच. धर्मगुरूंच्या लहान मुलाला उचलून बाहेर आणले ते त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल या भारतीय बाईंनी. त्या स्वतः ज्यू नव्हत्या.

विद्यार्थिमित्रहो, शेवटी थोडे आपल्याविषयी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा भाजीचा धंदा करतात. त्यांना अक्षर लावून वाचता येते, पण छापलेल्या शब्दावर त्यांची श्रद्धा देवावर असावी तशी आहे. "छापून आलंय म्हणजे खरंच असणार ना?" असे ते विचारतात. शेजारच्या काकू मोबाइलवर आलेला एखादा मजकूर घेऊन येतात, अमुक जातीचे लोक असे करतात, तमुक धर्माच्या लोकांनी तसा कट केला आहे, आणि मला म्हणतात, "तू कॉलेजात जातेस, तूच सांग बाई हे खरं का." मी जे सांगते ते आमच्या आळीत त्या दिवसापुरते खरे होते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हीच स्थिती असेल. आपल्याला पदवी मिळण्याआधीच हा अधिकार मिळालेला आहे. हिटलरचे आत्मचरित्र आज मराठीतही फुटपाथवर थोड्या पैशांत मिळते, आणि ते घेणारा प्रत्येक जण वाईट माणूस असतो असेही नाही. पुष्कळदा त्याला शिस्त, जिद्द आणि यश यांचे पुस्तक हवे असते. त्याच्या हाती दुसरे पुस्तक देणारे कोणी असावे लागते.

यावर उपाय काय, असे विचारले तर माझे उत्तर साधे आहे. एखाद्या समाजाविषयी काही वाचले की त्या समाजातील तीन माणसांची नावे, गावे आणि धंदे आठवून पाहावेत. आठवत नसतील तर मत बनविण्याची घाई करू नये, आधी ओळख करून घ्यावी. ज्यूंच्या बाबतीत पनवेलकरांना ही ओळख करून घेण्यास फार लांब जावे लागत नाही. आपल्या शहरातील जुन्या माणसांना या इस्राएल शेजाऱ्यांची जी आठवण आहे ती, कोण कोठे राहत असे, कोण कोणाकडे सणाला जाई, कोणाच्या हातचा मलिदा कसा होता, एवढे तरी आपण वहीत लिहून ठेवले पाहिजे. ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. येत्या सुट्टीत इतिहासाच्या आम्ही तिघी मैत्रिणी हे काम सुरू करणार आहोत. ज्यांना आमच्याबरोबर यावयाचे असेल त्यांनी जरूर यावे. पहिली आठवण आमच्या आजीची आहे, ती मी लिहून ठेवली आहे.